मी गप्प बसले त्याची बातमी

भिवंडीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला ऑपरेटरची नोकरी लागली, तेव्हा आमच्या वळ गावातल्या एकाही बाईनं मला पगार विचारला नाही. एरवी पहिली चौकशी तीच असते. त्या आमच्या ओट्यावर जमल्या, चहा प्यायल्या, आणि शेजारच्या काकीनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "म्हंजे समद्यांचा बोलना तुला आयकू येतं, न्हाय गो?" मी म्हटलं, येतं कधीकधी, पण ते ऐकायचं नसतं. त्यावर सगळ्या खो खो हसल्या. ऐकू येतंय आणि ऐकायचं नाही, असली गोष्ट त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. सत्तर सालानंतरची ती पहिली वर्षं. वडील भातशेती करायचे, घरात मॅट्रिक झालेली मीच पहिली. सकाळी बांधाबांधानं चालत सडकेवर यायचं, एस.टी. पकडायची आणि भिवंडीत उतरायचं. एस.टी.त शेजारी बसलेली अनोळखी बाई स्टँड येईपर्यंत माझं गाव, जात, वडिलांची जमीन, भावंडं किती आणि लग्न अजून का झालं नाही, एवढं सगळं काढून घ्यायची, आणि उतरताना स्वतःचं नावसुद्धा सांगायची नाही. याला आमच्याकडे मोकळा स्वभाव म्हणतात.

एक्स्चेंज तेव्हा हातानं चालायचं. फोनला तबकडी नव्हती. कुणी रिसीव्हर उचलला की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबरचा दिवा लागायचा. आम्ही कॉर्ड घालून "नंबर?" विचारायचं आणि हवा तो नंबर जोडून द्यायचा. मुंबई, सुरत, मालेगावचे ट्रंक कॉल आधी नोंदवून घ्यायचे आणि लाइन मिळाली की लावून द्यायचे. प्रत्येक कॉर्डापुढे एक चावी असे. ती पुढे ढकलली की दोन्हीकडचं बोलणं आपल्या कानात. ट्रंक कॉलला मधून एकदा चावी टाकून बघावंच लागायचं, लाइन तुटली तर नाही ना, कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली तर नाहीत ना. तेवढ्यात जे कानावर पडायचं ते पडायचं.

कामावर घेताना एका कागदावर माझी सही घेतली होती, की कामात कळलेलं बाहेर कुणाला सांगणार नाही. आमच्या सुपरवायझर बाई पन्नाशीच्या होत्या आणि त्यांचा असल्या कागदांवर फार विश्वास नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला बसवलं. "ऐकू येणारच," त्या म्हणाल्या. "पण घरी जाताना ते इथंच टाकून जायचं. आईला सांगायचं नाही, उद्या लग्न झालं तर नवऱ्याला सांगायचं नाही." मी मान डोलावली. हे अवघड जाईल असं मला मुळीच वाटलं नाही, कारण भिवंडीकर फोनवर जे बोलायचे त्यात सांगण्यासारखं होतंच काय? सूत आलं का, ट्रक निघाला का, मावशीच्या पायाची सूज उतरली का.

खरं म्हणजे भिवंडीची गुपितं गावच बोंबलून सांगत होतं. पॉवरलूमच्या खडखडाटात जन्म गेलेली माणसं. फोन हातात आला की ती असं बोलायची, की सुरतेला फोनशिवायही ऐकू जावं. पेढीवर बसलेली दहा गिऱ्हाइकं, समोरचा पानवाला, रस्त्यावरचा हातगाडीवाला, सगळ्यांना शेटजींचा सौदा तोंडपाठ. दवाखान्यातला कंपाउंडर बाटली पुढे करताना बाईचं नाव आणि तिचं दुखणं एका दमात पुकारायचा, आणि बाकावरचे सगळे वळून तिच्याकडे बघायचे. रेशनच्या दुकानात कार्ड मोठ्यानं वाचलं जायचं, घरात माणसं किती, म्हातारी जिवंत आहे की तिच्या नावावर नुसतीच साखर उचलली जाते. पोस्टकार्ड तर ज्याच्या हाताला लागेल त्यानं वाचायचंच असतं, अशी सर्वांची समजूत. आणि एवढं सगळं उघड्यावर टाकून पुन्हा गावाचं ठाम मत असं, की गोष्टी फुटतात त्या एक्स्चेंजच्या बायकांकडून.

आमच्यावर संशय घेणारे आणि आमच्याकडे चौकशीला येणारे लोक तेच. एक लूममालक दर आठवड्याला ट्रंक कॉलची तक्रार घेऊन खिडकीशी यायचा. तक्रार नावापुरती. आवाज खाली आणून तो विचारायचा, "बहनजी, बस इतना बता दो, उसको सूरत से क्या बोला." एकदा त्यानं मिठाईचा पुडा खिडकीत ठेवला. मी तो उचलून त्याच्या हातात परत दिला आणि सांगितलं, मला माहीत नाही. तो हसला. तो समजला की मी एवढ्याशा पुड्यावर तयार होत नाही. पुढच्या वेळी त्यानं मोठा पुडा आणला. या माणसाला मी प्रामाणिक असेन ही शक्यता शेवटपर्यंत सुचली नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देण्यातही अर्थ नाही, कारण त्याच्या ओळखीत तसं कुणी नसावं.

त्यालाच काय, मी सगळ्यांनाच "मला माहीत नाही" म्हणायचे. खरंच माहीत असलं तरी तेच. ते इतकं सवयीचं झालं होतं की त्याचा उच्चार करताना माझं बोर्डावरचं लक्षही हटायचं नाही.

वर्षभरानं माझ्यासाठी स्थळ आलं. भिवंडीतच राहणारे, स्वतःचे बारा लूम, ऑफिसात फोन, मुलगा बी.कॉम. झालेला. आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरी असं स्थळ चालून येतं म्हटल्यावर माझा मामा चार दिवस जमिनीवर नव्हता. बघायला आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. बोर्ड किती आहेत, बोर्डावर बसणाऱ्या किती, कुणाकडे कुठली लाइन येते, हेच विचारत राहिले. मग माझ्या वडिलांना म्हणाले की लग्नानंतर मुलीनं नोकरी सोडता कामा नये, ही आमची अट आहे. त्या काळात नोकरी सोडायला लावणारी सासरं गल्लोगल्ली होती. सोडू नका म्हणणारं हे पहिलंच. मामानं गावभर सांगितलं की माणसं सुधारक आहेत. मीही तेच समजले. माझी अक्कल तेव्हा एवढीच होती.

साखरपुडा झाला. नवरामुलगा बोलायला मऊ होता, हसरा होता. कधीकधी माझी ड्युटी सुटायच्या वेळी यायचा आणि एस.टी. स्टँडपर्यंत सोबत चालायचा. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून बरोबर त्याची धाकटी बहीण असायची. ती बालवाडीत शिकवायची. मला "वहिनी" म्हणायला तिनं पहिल्याच दिवशी सुरुवात केली. ती फार बोलत नसे, पण जे बोले ते नीट बोले. खरं सांगायचं तर त्या घरात मला सगळ्यात आवडली ती तीच.

तिचंही लग्न त्याच सुमारास ठरत होतं. मुलगा भिवंडीतलाच, त्यांची सायझिंग होती, म्हणजे सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ लावायचा कारखाना. सगळे त्यांना सायझिंगवालेच म्हणत. मुलगा वडिलांबरोबर कारखाना बघायचा. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोन्हीकडून पसंती होती, फक्त याद्या व्हायच्या होत्या.

आता इथं मला एक गोष्ट सांगावी लागते. त्याच्या बऱ्याच आधी, माझा साखरपुडाही झालेला नव्हता तेव्हा, मुंबईच्या एका डॉक्टरांचा ट्रंक कॉल सायझिंगवाल्यांच्या घरी मीच जोडून दिला होता. तीन मिनिटं होत आली म्हणून चावी टाकली, आणि डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या कानावर आलं. ते मुलाच्या प्रकृतीबद्दल होतं. मी चावी मागे घेतली. ते वाक्य काय होतं ते मी इथंही लिहिणार नाही. वाचणाऱ्याला ते जाणून घ्यावंसं वाटत असेल, तर त्यानं आधी स्वतःला विचारावं की ते कळून त्याला काय करायचं आहे.

एक दिवस माझा ठरलेला नवरा एकटाच आला. बहीण बरोबर नव्हती. म्हणाला, चहा घेऊ. स्टँडजवळच्या हॉटेलात मागच्या बाजूला फॅमिली रूम होती, म्हणजे मळका पडदा लावलेली एक फळकुटांची खोली, जिच्यातलं बोलणं पलीकडच्या टेबलावर जसंच्या तसं ऐकू यायचं. तिथं बसून त्यानं चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग आवाज खाली आणून, अगदी त्या मिठाईवाल्या लूममालकासारखा, म्हणाला, "सायझिंगवाल्यांच्या मुलाबद्दल काही कानावर आलंय का तुझ्या? मुंबईला कुठल्या डॉक्टरकडे जातो म्हणतात."

"मला माहीत नाही" हे शब्द शंभर जणांना सांगताना मी कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी अडखळले. हा माणूस माझा नवरा होणार होता. त्याच्याशी पहिलंच खोटं बोलायचं का, असा विचार मनात आला. त्याच्या बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. तिला कळायला हवं का, तिचा हक्क आहे का, असे सगळे मोठमोठे प्रश्न मी त्या पडद्याच्या खोलीत बसून स्वतःला घातले, आणि तेवढा वेळ गप्प राहिले. फार तर तीन-चार श्वास. मग म्हटलं, "मला असलं विचारू नका. मुलाला किंवा त्याच्या वडिलांना सरळ विचारा."

त्यानं कप बशीत ठेवला. "समजलं," तो म्हणाला.

"काय समजलं? मी काहीच बोलले नाही."

"तेच ना," तो म्हणाला आणि हसला. "काही नसतं तर नाही म्हणाली असतीस."

मी त्याला तिथंच सांगितलं की यावरून काही ठरवू नका, मी काहीही सांगितलेलं नाही. तो हो हो म्हणाला. मला एस.टी.त बसवून दिलं, खिडकीतून हातही केला. आठ दिवसांत बहिणीचं लग्न मोडलं. मोडलं तर मोडलं. तो त्यांचा प्रश्न. पण मोडायला कारण द्यावं लागतं, आणि आपल्या पोटातलं कारण सांगण्यापेक्षा दुसऱ्याचं नाव पुढे करणं सोपं. सायझिंगवाल्यांना निरोप गेला, की आमची होणारी सून एक्स्चेंजमध्ये आहे, आम्हाला सगळं कळलं आहे.

काय कळलं आहे, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. माझ्या तीन-चार श्वासांत जेवढं कळतं तेवढंच. पण गावाला त्याची अडचण वाटली नाही. मुलाला फिट येतात असं एकीकडे सुरू झालं. दुसरीकडे क्षय. कापडबाजारात तो वेडा होता आणि त्याला झटके द्यायला मुंबईला नेत. आमच्या गावापर्यंत बातमी पोचली तेव्हा त्याची मुंबईला आधीची एक बायको होती. काकीनं मला ओट्यावर बसवून ही सगळी यादी ऐकवली आणि मोठ्या आशेनं विचारलं, "मना खरा सांग, यातला कुठला?" म्हटलं, मला माहीत नाही. ती रागावली. म्हणाली, एवढी शिकलीस तरी घरच्या माणसांशी अशी वागतेस. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. त्या सगळ्या प्रकरणात मला झालेला एवढाच फायदा.

सायझिंगवाल्यांनी तक्रार केली. ती करायलाच हवी होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही केली असती. सुपरवायझर बाईंनी मला बोलावून सांगितलं की ठाण्याहून साहेब येणार आहेत, चौकशी होईल, तोवर तू बोर्डावर बसायचं नाहीस. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही की तू सांगितलंस का. फक्त एवढं विचारलं, "बोललीस की गप्प बसलीस?" मी म्हटलं, गप्प बसले. त्या म्हणाल्या, "नेमकी चुकीच्या वेळी."

चौकशीची बातमी पसरली तशी माझ्या होणाऱ्या सासरची मंडळी आमच्या गावी, वळला आली. बाप आणि मुलगा, दोघंच. मला वाटलं, माफी मागायला आले. वडिलांनी खाट टाकली, आईनं चहा ठेवला. मुलाच्या बापानं पाऊस, भात, खतं अशी वाट काढत काढत शेवटी विचारलं, की या चौकशीत नोकरी जाईल का. माझे वडील म्हणाले, ते मला कसं ठाऊक. तर म्हणाले, नाही, म्हणजे नोकरी जाणार असेल तर आम्हाला जरा विचार करावा लागेल, आम्ही नोकरी धरूनच चाललो होतो. आणि मग, आपण किती शहाणे आहोत हे दाखवावं म्हणून असेल, पण त्यांनी एक वाक्य जास्तच बोलून टाकलं. घरात एक माणूस एक्स्चेंजमध्ये असलं की धंद्यात आधार असतो, असं ते म्हणाले.

म्हणजे त्यांना सून नको होती, घरच्या माणसाचा एक कान हवा होता. ते सुधारक का होते ते मला तेव्हा उमगलं. मुलगा मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत होता. मी त्याला विचारलं, माझं नाव तुम्ही का सांगितलंत. तर म्हणाला, "मी कुठं तुझं नाव घेतलं? मी घरी एवढंच सांगितलं की विचारल्यावर ती गप्प बसली." आणि त्याला मनापासून वाटत होतं की यात त्याचं काही चुकलं नाही. अशा माणसाशी भांडताही येत नाही. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीला पोपडा तरी सुटतो.

मी सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. आई आतून बाहेर आली. मामा असता तर खाली कोसळला असता. माझ्या वडिलांनी नोकरी लागल्यापासून मला एक्स्चेंजमधली एकही गोष्ट कधी विचारली नव्हती. त्यांना लोकांच्या बोलण्यात रसच नव्हता. ते खाटेवरून उठले, म्हणाले, "पोर न्हाय म्हनते. चाय घ्या नि निघा." ते दोघं चहा न घेताच निघाले. आईनं तो चहा पुन्हा गरम करून आम्हालाच दिला.

चौकशी एक्स्चेंजच्याच मागच्या खोलीत झाली. ठाण्याचे साहेब, सुपरवायझर बाई, मी, आणि समोर सायझिंगवाल्यांचे थोरले, म्हणजे मुलाचे वडील. पांढरे कपडे, हातात टोपी, चेहरा उतरलेला. साहेबांनी विचारलं की अमुक डॉक्टरांचा कॉल तुम्ही जोडला होता का. मी हो म्हटलं. काही कानावर आलं का. हो, एक वाक्य. काय? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही.

साहेब चिडले. म्हणाले, मी चौकशी अधिकारी आहे, मला सांगायला हरकत नाही.

"साहेब," मी म्हटलं, "आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता तुम्हाला सांगितलं, तर तक्रार आत्ता खरी होईल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. अशा उत्तरासाठी त्यांच्या कागदावर रकाना नसावा. मग मुलाचे वडील पहिल्यांदाच बोलले. त्यांनी मला विचारलं, मग त्या लोकांना कळलं कसं. मी त्यांना फॅमिली रूमची सगळी हकिगत सांगितली. मी किती वेळ गप्प होते तेही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि हातातल्या टोपीची घडी घातली.

"साहेब, माझी तक्रार मी मागे घेतो," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात माझ्या मुलाला या गावानं तीन आजार लावले. त्यातला खरा एकही नाही. या मुलीनं सांगितलं असतं, तर एकच फिरला असता, आणि तो खरा असता."

मी इतक्या माणसांत वावरले, त्यात शुद्ध बुद्धीनं विचार केलेला माणूस म्हणून मला ते पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ आठवतात. तक्रार निकालात निघाली. मला बोर्डावर पुन्हा बसवलं. तरी माझ्या फायलीत एक चिठ्ठी लागलीच, की यापुढे खबरदारी घ्यावी. कसली खबरदारी, हे मी लेखी विचारलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं ती बालवाडीवाली मुलगी एस.टी. स्टँडवर माझी वाट बघत उभी होती. आता ती मला वहिनी म्हणाली नाही. ती रागावली असेल असं समजून मी आधीच सांगायला लागले की मी तुझ्या भावाला काहीही सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, ठाऊक आहे मला. तिच्या घरात जो तो वेगळा आजार सांगत होता, खरा एकालाही सांगता येत नव्हता, त्यावरूनच तिनं ओळखलं होतं.

"तुला कसं ठाऊक, कुठला ते?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारावा, याची मला लगेच लाज वाटली.

"त्यानंच सांगितलं," ती म्हणाली. "बघायला आले त्या दिवशी आम्हाला दहा मिनिटं गच्चीत बोलायला सोडलं होतं. त्यानं माझं नाव विचारायच्या आधी ते सांगितलं. म्हणाला, विचार करून ठरव. मी दोन दिवस विचार केला आणि मग घरी हो म्हटलं."

ज्या एका माणसाला ते कळायला हवं होतं, त्या माणसाला ते पहिल्याच दिवशी, ज्यानं सांगायला हवं त्याच्या तोंडून, कळलेलं होतं. बाकी सगळं गाव, तिचा भाऊ, बाप, बाजार, काकी आणि पडद्याच्या खोलीत बसून हक्काबिक्काचा विचार करणारी मी, आम्ही सगळेच बिनकामाचे. मी तिला विचारलं, मग घरी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "ते त्याचं होतं. मी कशी सांगू?" आणि म्हणाली, "तू त्या दिवशी नुसतं नाही म्हटलं असतंस, तर बरं झालं असतं."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं. मी माझ्या खरेपणाचं कौतुक करत बसले होते, आणि त्या कौतुकाची किंमत तिनं मोजली होती. इतरांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले, पण त्या चार श्वासांसाठी मी स्वतःला जेवढी नावं ठेवली तेवढी कुणालाच ठेवलेली नाहीत. नंतर नोकरीची जेवढी वर्षं गेली, तेवढ्यात कुणीही काहीही विचारलं, त्यात तथ्य असो नसो, मी ताबडतोब "माहीत नाही" म्हणत आले. एकदा आईनं आज गाडीला उशीर का झाला विचारलं, तर तिलाही तेच उत्तर मिळालं. ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना?

बालवाडीवाली आणि सायझिंगवाल्यांचा मुलगा, दोघांनी पुढच्या वर्षी लग्न केलं. तिनं घरी सांगून ठेवलं होतं की करीन तर तिथंच, आणि बाप काही केल्या ऐकेना, तेव्हा ठाण्याला जाऊन रजिस्टर लग्नाच्या सह्या केल्या. सायझिंगवाल्यांनी कारखान्याच्या आवारात मांडव घालून जेवण दिलं. मुलीकडचं कुणी आलं नाही. मला स्वतः मुलाच्या वडिलांनी एक्स्चेंजच्या खिडकीशी येऊन आमंत्रण दिलं. सुपरवायझर बाई आणि मी, दोघी गेलो. नवरीनं हिरवी साडी नेसली होती आणि ती पंगतीतून फिरून स्वतः जिलब्या वाढत होती. नवरा तिच्यामागून मठ्ठ्याची बादली घेऊन येत होता, चांगला उंच, हातापायांनी धड, आणि माझ्यापुढे आल्यावर फक्त "पोटभर जेवा" म्हणाला.

माझ्या शेजारी जरीकाठाची साडी नेसलेली एक बाई बसली होती. कोण, कुठली, मला आजही ठाऊक नाही. नवरा पुढच्या पानाकडे सरकला तसं तिनं माझ्याकडे अंग कलवलं, पदर तोंडाशी धरला आणि विचारलं, "तुम्ही एक्स्चेंजमधल्याच ना? मग त्याला नक्की झालं काय होतं हो?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि तिच्या पानातली जिलबी गार होतेय हे तिला दाखवून दिलं.